पोटोबा

पोरीनं गोंदियाच्या गाडीत कुणाच्यातरी हाती
खोक्यात घालून पाठवल्या सहा छत्र्या,
एकेक वाटीएवढी, तपकिरी,
वरून पावाच्या पाठीसारखी.
पोर्टोबेलो, असं चिठ्ठीत लिहिलेलं.
पार्बता म्हणाली, पोटोबा का?
आणि तेच नाव पडलं घरात.

तिनं एक उलटी करून पाहिली.
आतल्या पात्या काळ्या, कंदिलाच्या काजळीगत.
"काळ्या पातीचं खात नाही आपण. आन् माघात कुठल्या छत्र्या?"
एवढं बोलून पाटावर बसली
हात बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

तिला तो हक्क आहे.
तिच्या चुलत्याच्या घरी एका श्रावणात
चौघं जेवले आणि दोघं उठले.
त्या घरात अजून कुणी सात्यांचं नाव घेत नाही.
ही घेते. श्रावणात एखाद्या पहाटे एकटी निघते,
ओटीत भरून आणते,
पांढऱ्या, लांब देठाच्या, वारुळाची माती लागलेल्या,
आणि वारूळ कुठलं
ते एकतीस वर्षांत मला सांगितलेलं नाही.

आमच्याकडं रेंज हातपंपाजवळच येते.
पंपाशी गेलो. चारू म्हणाली,
बाबा, धुऊ नका, पाणी पितात त्या. ओल्या फडक्यानं पुसा.
घरी आलो, पुसल्या,
शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तशा.
परत पंपाशी.
देठ पिळून काढा, चमच्यानं पात्या खरवडा.
परत घरी.
खरवडलं तसं काळं उतरत गेलं कागदावर
आणि खालून निघाली गोरी, कोरी वाटी.
पार्बताचा एक हात सुटला.
दुसरा तसाच.

तिसऱ्या खेपेला:
तवा तापू द्या. गर्दी करू नका. मीठ शेवटी.
आणि सारखं हलवू नका, बाबा, तुमची सवय आहे.
तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो मी,
माझ्या सवयी हिला पुण्याहून दिसतात.

लोखंडी तवा, जवसाचं तेल, ठेचलेला लसूण.
दोनच टाकल्या, पालथ्या.
मग उलटवल्या, तर वाटीत पाणी साचायला लागलं,
आपलंच पाणी, आतून आलेलं,
आणि त्यात लसणाचे तुकडे तरंगायला लागले.
मी हलवलं नाही.
हात मागं धरून उभा राहिलो.
पाणी आटलं तेव्हा वास उठला,
मटणाचा नव्हे, ओल्या लाकडाचाही नव्हे,
दोघांच्या मधल्या पायवाटेवरचा.
मीठ. सांबार. बोटभर तिखट,
ते चारूनं सांगितलेलं नव्हतं.

आधी मी खायचं, हे न बोलता ठरलेलं.
तिच्या माहेरी तेव्हापासून नियमच आहे,
रांधणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा,
बाकीच्यांनी खांबाची सावली हातभर सरकेपर्यंत थांबायचं.
मी खाल्लं.
ती सावलीकडं बघायची, मग माझ्या डोळ्यांत, मग सावलीकडं.
"जीभ दाखवा."
दाखवली.
"घाम काऊन आला?"
चुलीचा.
"मळमळते का?"
भूक लागली, म्हटलं.

सावली चार बोटंही सरकली नसेल,
तिनं माझ्या ताटातला तुकडा उचलला,
तांदळाच्या भाकरीत गुंडाळला
आणि माझ्याकडं पाठ करून चावला.
बराच वेळ चावला.

"सात्यांची सर नाही," म्हणाली.
दुसरा तुकडा घेतला.
मग भिंतीला सांगावं तसं,
"बोडीच्या पाळीवरून खाली उतरलं ना,
की दोन येन लागतात..."
आणि थांबली.

मग?

"मग काही नाही. तवा निवून राहिला.
उरलेल्या चार टाका."

टाकल्या मी.
बोडीच्या पाळीखाली येन
दोनशे तरी असतील.